ऊन डोळ्यावर आलं आणि धडक बसली, चूक कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, पुण्यात कर्वे पुतळ्यापाशी रस्ता ओलांडताना माझ्या बाबांना एका दुचाकीने उडवलं आणि गाडीवाल्या मुलाचं पहिलं वाक्य होतं, "काका, ऊन डोळ्यावर आलं हो, दिसलंच नाही." त्यानंतर हॉस्पिटल, पोलीस स्टेशन, शिवाजीनगर कोर्ट, इन्शुरन्स असं सगळं फिरून झालं, आणि आता ओळखीत कोणाचं असं काही झालं की फोन मला येतो. कधी धडक बसलेल्याच्या घरून येतो, कधी धडक देणाऱ्याच्या. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. कलमं आणि आकडे तपासून लिहिलेत, पण प्रत्यक्ष केस असेल तर वकील गाठाच.

"ऊन डोळ्यावर आलं" हे कारण कोर्टात चालतं का?

नुसतं तेवढंच म्हणून सुटका होत नाही. सूर्य रोज मावळतो आणि तुम्ही त्याच रस्त्याने रोज जाता, म्हणजे ऊन समोरून येणार हे तुम्हाला आधी माहिती असतं किंवा असायला हवं. कायदा बघतो तो एवढंच, की समोरचं दिसेनासं झाल्यावर एखाद्या सावध माणसाने जे केलं असतं ते तुम्ही केलंत का. वेग कमी केलात का, अंतर ठेवलंत का, अगदीच दिसत नव्हतं तर थांबलात का. ऊन होतं हे खरं असू शकतं, बहुतेक वेळा असतंच, कोणी खोटं बोलत नसतं. पण "मला काहीच दिसत नव्हतं" असं म्हणताना तुम्ही नकळत हेही कबूल करताय की दिसत नसताना गाडी चालूच ठेवली, आणि समोरचा वकील नेमकं तेच धरतो. लोकांना वाटतं हे वाक्य त्यांना वाचवेल, पण त्याच वाक्याने ते अडकतात.

मग खरंच अपघात, म्हणजे कोणाचीच चूक नाही, असं कधी नसतंच का?

असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये तशी तरतूद आहे, पूर्वी हेच आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ८० होतं. कायदेशीर काम, कायदेशीर पद्धतीने, योग्य ती काळजी घेऊन करत असताना, मनात काही वाईट नसताना दुर्दैवाने काही घडलं तर तो गुन्हा नाही. सगळा जोर "योग्य ती काळजी" वर आहे. समजा तुम्ही वीसच्या स्पीडने जाताय, ऊन आलं म्हणून अजून हळू केलंत, आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून कोणी धावत समोर आलं, तर तिथे तुमची बाजू भक्कम आहे. पंचेचाळीसच्या स्पीडने तिरीप आली आणि हात कपाळावर धरून तसंच पुढे गेलात, तर नाही. ऊन दोन्हीकडे सारखंच आहे, त्या क्षणी तुमचा पाय कुठे होता तेवढा फरक आहे.

गुन्हा कुठल्या कलमाखाली लागतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या अपघाताला नवीन कलमं. बेदरकार किंवा निष्काळजी गाडी चालवणं म्हणजे कलम २८१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला दुखापत झाली तर १२५ (अ), गंभीर दुखापत म्हणजे हाडबीड मोडलं तर १२५ (ब), त्यात तीन वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर १०६ (१), पाच वर्षांपर्यंत. आयपीसीच्या जुन्या ३०४ अ मध्ये ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. शिवाय मोटार वाहन कायद्याचं १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, ते बहुतेक वेळा जोडीला असतंच.

एक लक्षात ठेवा, एफआयआर झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. फौजदारी कोर्टात दोष संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये कोणाचं म्हणणं जास्त शक्य वाटतं तेवढं बघतात. म्हणून चालक फौजदारीतून सुटला तरी भरपाई द्यावी लागली असं होऊ शकतं, आणि त्यात काही विसंगती नाही.

दोन सेकंदच दिसलं नाही हो, एवढ्यात काय होतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. ताशी ४० च्या स्पीडने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दोन सेकंद म्हणजे २२ मीटर, म्हणजे पीएमपीच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर जवळपास तेवढं अंतर तुम्ही डोळे मिटून गेलात. ५० ला हेच २८ मीटर. आणि हे फक्त न दिसण्याचं, ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ आणि गाडी थांबायला लागणारं अंतर अजून धरलेलंच नाही. शिवाय उन्हाकडे बघून झाल्यावर डोळा लगेच जागेवर येत नाही, सावलीतलं माणूस दिसायला अजून काही सेकंद जातात. झाडाखालून किंवा मेट्रोच्या पुलाखालून एकदम उन्हात आलं की असंच होतं, आणि कात्रजच्या बोगद्यातून किंवा एक्सप्रेसवेवर कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडतानाही तेच, तिथे तर स्पीडही जास्त असतो.

पुण्यात हे कुठे आणि कधी जास्त होतं?

हे मी नकाशा घेऊन बसून आणि वर्षभर बघून काढलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विसेक तारखेला तो बरोबर पश्चिमेला मावळतो, डिसेंबरात दक्षिणेकडे पंचवीसेक अंश सरकलेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. त्यामुळे प्रत्येक रस्त्याचा स्वतःचा एक वाईट महिना असतो.

कर्वे रोड नळस्टॉपहून कोथरूडकडे जाताना नैर्ऋत्येला कलत जातो, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाला लटकलेला असतो. पौड रोड साधारण सरळ पश्चिमेला, तिथे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास. बाणेर रोड वायव्येकडे चढतो, तिथे मे महिन्याची संध्याकाळ. सकाळचं उलट, नगर रोडने वाघोलीकडे जाणाऱ्यांना एप्रिल-मेची सकाळ आणि सोलापूर रोडने हडपसरवरून लोणी काळभोरकडे जाणाऱ्यांना हिवाळ्याची सकाळ.

अजून एक, पश्चिमेला राहून पूर्वेला नोकरी असलेले लोक, म्हणजे कोथरूड-बावधनला घर आणि खराडी-मगरपट्ट्यात ऑफिस, यांना लवकरची शिफ्ट असेल तर जाताना सूर्य समोर आणि येतानाही समोर. हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्यांच्या दोन्ही वेळा तो पाठीशी. पण पाठीशी असला म्हणून निर्धास्त राहू नका, समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता, आणि सिग्नलच्या दिव्यांवर मागून ऊन पडलं की लाल लागलाय का हिरवा ते कळत नाही.

आपल्याकडे सूर्य तासाभरात चौदा अंशांच्या आसपास चढतो किंवा उतरतो, त्यामुळे खरा त्रासाचा वेळ उगवल्यानंतरचा आणि मावळायच्या आधीचा साधारण पाऊण तास. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे सव्वापाच ते सहा, नेमकी शाळा-क्लास सुटायची आणि म्हातारी माणसं फिरायला बाहेर पडायची वेळ. शक्य असेल तर वीस मिनिटं उशिरा निघा, खरंच एवढ्यानेही फरक पडतो.

गाडी चालवताना एकदम समोरचं दिसेनासं झालं तर काय करायचं?

पहिलं ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेक करकचून दाबू नका, कारण मागच्याच्या डोळ्यावरही तेच ऊन आहे. चारही इंडिकेटर लावा, हळूहळू डावीकडे घ्या, डावीकडच्या फुटपाथच्या कडेवर नजर ठेवा, सूर्याकडे नको. कारमध्ये सनव्हायजर खाली घ्या, पण ते वाकून शोधत बसू नका, निघतानाच खाली करून ठेवलेलं बरं. तरी दिसत नसेल तर कडेला थांबा, दोन मिनिटांत सूर्य एखाद्या इमारतीमागे जातो किंवा तुमच्या डोळ्यांना सवय होते. मागचे हॉर्न मारतील, मारू देत.

दुचाकीवाल्यांनो, एक हात कपाळावर धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवायची सवय सोडा, मी रोज बघतो हे. त्या हाताने फक्त ऊन अडत नाही, अर्धा रस्ताही झाकला जातो आणि एक ब्रेकही सुटतो.

धडक बसली. आता लगेच काय?

थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला डॉक्टरकडे पोचवायची व्यवस्था करायची, पोलिसांना माहिती द्यायची, तिथे पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस स्टेशनला लवकरात लवकर आणि कसंही करून २४ तासांच्या आत जाऊन सांगायचं, आणि इन्शुरन्स कंपनीला कळवायचं. जमाव अंगावर येत असेल आणि तिथे थांबणं शक्यच नसेल तर कायद्याने ती अडचण धरलेली आहे, पण मग सरळ पोलीस स्टेशन गाठायचं, घरी जाऊन बसायचं नाही. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

पैसे कोण भरणार म्हणून घुटमळू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे, यादीतल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार त्यात होतो. आणि तुम्ही नुसते बघणारे असाल आणि जखमीला उचलून नेलंत तर कलम १३४ अ तुम्हाला संरक्षण देतं, नाव सांगायचीही सक्ती नाही.

पोलिसांना ऊन होतं हे सांगू की नको?

खरं आहे ते सांगा, लपवू नका, पण पूर्ण सांगा. "दिसलं नाही" एवढंच बोलून थांबू नका. किती वाजले होते, कुठल्या दिशेने जात होतात, ऊन आल्यावर काय केलंत, स्पीड किती होता, ब्रेक कधी मारला. पंचनाम्यात वेळ आणि गाडीची दिशा नीट लिहिली गेली पाहिजे, कारण त्यावरून सूर्य कुठे होता हे नंतर कोणीही काढू शकतं. हे दोन्ही बाजूंच्या फायद्याचं आहे. रस्त्याकडेला दुकानांचे सीसीटीव्ही असतात त्यांचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून पोलिसांना ते लगेच घ्यायला सांगा, लेखी अर्ज द्या. डॅशकॅम असेल तर कार्ड काढून बाजूला ठेवा.

आणि रस्त्यात उभं राहून "सगळा खर्च मी देतो" असं कबूल करू नका. मनातून वाटतं ते मला समजतं, पण इन्शुरन्स पॉलिसीत कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करायची नाही अशी अट असते. माणसाला मदत करा, पाणी द्या, हॉस्पिटलला सोबत जा, त्याला कुठलीच अट आडवी येत नाही.

माझ्या घरच्याला धडक बसली आहे. भरपाई कशी मागायची?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे वर म्हटलेल्या ट्रिब्युनलमध्ये, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे दावा लावता येतो, म्हणजे अपघात साताऱ्याला झाला तरी पुण्यात राहणाऱ्याला पुण्यात दावा करता येतो. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, ती धरूनच चाला, उशीर करू नका.

दुसरा रस्ता कलम १६४. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावंच लागत नाही, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. ऊन होतं, नव्हतं, कोण हळू होतं, काही वाद नाही. पण ती रक्कम स्वीकारली की १६६ चा मोठा दावा पुढे चालत नाही, म्हणून माणूस कमावता असेल किंवा कायमचं अपंगत्व आलं असेल तर आधी वकिलाशी बोला आणि मगच सही करा. घाईत, हॉस्पिटलच्या बिलाच्या दडपणाखाली सही करणारी माणसं बघितलीत, वाईट वाटतं.

बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, रिक्षाच्या पावत्या, रजेचे कागद सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

रस्ता ओलांडणाऱ्याचीही चूक असेल तर?

तर भरपाईतून तेवढा हिस्सा वजा होतो. ट्रिब्युनलने दहा लाख ठरवले आणि पायी चालणाऱ्याची चूक २५ टक्के धरली तर साडेसात लाख मिळतात. पण ती चूक चालकाच्या बाजूने पुराव्यानिशी दाखवावी लागते, नुसतं "मध्ये आले" म्हणून नाही. आणि झेब्रा क्रॉसिंगवर तर चालकानेच हळू व्हायचं असतं, ऊन असो नसो.

पुढची गाडी एकदम थांबली आणि मी मागून ठोकली, किंवा उभा ट्रक दिसलाच नाही, मग?

मागून ठोकली तर साधारणपणे मागच्याकडेच बोट जातं, कारण पुढची गाडी अचानक थांबली तरी आपल्याला थांबता येईल एवढं अंतर ठेवणं हा नियमच आहे. उभ्या ट्रकचं थोडं वेगळं. तो धोकादायक जागी, लाइट-रिफ्लेक्टरशिवाय उभा असेल तर कलम १२२ त्याच्यावर लागतं आणि जबाबदारी दोघांत वाटली जाऊ शकते. ट्रक कसा उभा होता याचे फोटो काढून ठेवा, नंतर तो हलवला जातो.

समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन आलं तर?

उत्तर तेच, हळू व्हा. काचेवर खटला टाकायचा विचार नंतर.

माझा इन्शुरन्स क्लेम नाकारतील का?

चूक तुमची असली तरी थर्ड पार्टी इन्शुरन्स समोरच्याला भरपाई देतो, त्यासाठीच तर तो सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान फक्त ओन डॅमेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर. ऊन होतं म्हणून कोणी क्लेम नाकारत नाही, लायसन्स नव्हतं किंवा दारू प्यायलेली होती म्हणून अडचण होते. गाडीमालक स्वतःच चालवत असेल तर १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हरही असतं, ते आपल्या पॉलिसीत आहे का आजच बघा. आणि पॉलिसी संपलेली असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, त्यात घरं विकायची वेळ येऊ शकते.

काळी फिल्म लावली तर? आणि गॉगल?

फिल्म नको. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली, आणि मूळ नियमच असा आहे की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. संध्याकाळी ऊन गेल्यावर त्याच फिल्ममुळे रस्त्यावरचं माणूस दिसत नाही.

पोलराइज्ड गॉगल चांगला, रस्त्यावरून आणि बॉनेटवरून उठणारी चकाकी तो कमी करतो. पण सूर्य मावळला की लगेच काढा. पुढची काच आतून पुसा, बाहेरून सगळेच पुसतात. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या वाफेने आतून एक चिकट धूसर थर बसतो, एरवी तो दिसतही नाही, समोरून ऊन आलं की सगळी काच पांढरी होते. वायपरचे ओरखडे असतील तर तेही तसंच करतात.

हेल्मेटच्या काचेबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. त्या मुलाचं हेल्मेट पोलीस स्टेशनच्या टेबलावर ठेवलेलं होतं. मी सहज उचललं आणि त्याची काच ट्यूबलाइटसमोर धरली. कोरड्या फडक्याने पुसून पुसून तिच्यावर केसासारखे शेकडो ओरखडे पडले होते, दिव्यासमोर धरल्यावर दिव्याभोवती पांढरं जाळंच तयार झालं आणि पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना. टेबलावर ठेवलं की काच स्वच्छ दिसत होती. तो मुलगा महिनोन्महिने त्या काचेतून गाडी चालवत होता आणि त्याला माहितीच नव्हतं. तुमची काच आत्ता दिव्यासमोर धरून बघा. जाळं दिसलं तर बदला, चारपाचशे रुपयांत साधी काच मिळते, आणि धुताना पाणी आणि मऊ कापड वापरा.

वय झालेल्यांनी काय बघायचं?

मोतीबिंदू सुरू झाला की समोरचा उजेड डोळ्यात पसरतो, दिवसा नीट दिसतं पण उन्हाकडे तोंड केलं की सगळं धुक्यात. ही तक्रार घरी सांगितली जात नाही, कारण गाडी बंद होईल ही भीती. आईवडील गाडी चालवत असतील तर त्यांना नुसतं "नीट दिसतं का" विचारू नका, "संध्याकाळी समोरून ऊन आलं की दिसतं का" असं विचारा.

तुमच्या बाबांचं पुढे काय झालं?

मांडीचं हाड मोडलं होतं, रॉड आहे, काठी लागते. पैशांचा विषय लोकअदालतीत मिटला, इन्शुरन्सने रक्कम दिली. मुलगा पळाला नव्हता, त्यानेच रिक्षा थांबवली आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन हॉस्पिटलपर्यंत आला, हे बाबांनी जबाबातही आवर्जून सांगितलं. त्याच्यावरचा गुन्हा त्याने मान्य केला, दंड भरला. आता तो डिसेंबरात ऑफिसमधून साडेसहानंतर निघतो असं त्याने मला सांगितलं. बाबा त्या दिवशी पेरू आणायला गेले होते. अजूनही त्याच हातगाडीवाल्याकडून आणतात, फक्त आता सकाळी अकराला जातात आणि सिग्नल लागल्याशिवाय फुटपाथवरून पाय खाली टाकत नाहीत.